२००-५०० लेन्स विकू नका; आधी पंचांग उघडा

ताई,
आम्ही नाशिकला, इंदिरानगरमध्ये राहतो. मी शाळेत शिकवते. नवरा सातपूरला कंपनीत आहे आणि शनिवार-रविवारी लग्नाच्या ऑर्डर घेतो. फोटोग्राफीचं वेड दोघांनाही, त्यामुळे कपाट एकच आणि बॅगही एकच. एक निकॉन झेड ५ कॅमेरा आहे, फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा, जुनी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) देऊन घेतलेला. दुसरा डी ७२००, तो म्हणायला माझा. लेन्स सगळ्या जुन्या एफ माउंटच्या, म्हणजे निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यांवर बसणाऱ्या (पहिला आकडा मिलिमीटरचा, मोठा तितकी पोहोच लांब; एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त): २४-७० एफ २.८, ७०-२०० एफ २.८, ८५ एफ १.८, १०५ मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी), २००-५०० एफ ५.६, ३५ चा डीएक्स (लहान सेन्सरसाठीचा) प्राइम, म्हणजे झूम नसलेला, १८-१४० आणि माझ्या बाबांच्या फिल्म कॅमेऱ्यावरची ५० एफ १.८ डी. झेड ५ वर या लेन्स एफटीझेड अडॅप्टर लावून वापरतो.

आता त्याला झेडची नवी २४-७० घ्यायची आहे. त्यासाठी २००-५०० आणि १०५ विकू म्हणतो. कमावणाऱ्या लेन्स ठेवायच्या, बाकीच्या काढायच्या, असं त्याचं म्हणणं. पक्ष्यांसाठी ७०-२०० ला कन्व्हर्टर (पोहोच वाढवणारा जोड) लाव म्हणतो. २००-५०० मी लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला पाटल्यांऐवजी घेतली होती. ती घेऊन नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेले की आठवड्याचा शीण जातो. पण गेल्या हिवाळ्यात जाणं फार कमी झालं, कारण रविवारी डी ७२०० सुद्धा लग्नाला गेलेला असतो. त्यामुळे वापर नाही हे त्याचं म्हणणं खोटंही नाही. भांडण नको म्हणून गप्प बसते, पण हल्ली कॅमेरा मागताना परवानगी मागतेय असं वाटतं. कोणत्या लेन्स ठेवाव्यात? आणि बाबांच्या ५० चं काय करावं?
– एक वाचक, नाशिक

प्रिय वाचक,

२००-५०० विकू नका. १०५ सुद्धा ठेवा. काही विकायचंच असेल तर ७०-२०० काढा, आणि आलेल्या पैशातून झेडची २४-७० घेण्याऐवजी लग्नासाठी एक चांगली सेकंड हँड बॉडी घ्या. हे ऐकून तुमचा नवरा चमकेल, कारण लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाला ७०-२०० विका म्हणणं सोपं नाही. म्हणून कारणं नीट सांगते. पटली तर हे पत्रच त्याच्यापुढे ठेवा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रातल्या एका वाक्यात आहे: रविवारी डी ७२०० सुद्धा लग्नाला गेलेला असतो. २००-५०० वापराविना पडून होती हे खरं, पण ती लावायची कशावर? लग्नात दोन बॉडी लागतात, त्याबद्दल वाद नाही. सप्तपदी चालू असताना कॅमेरा अडला तर ती पावलं पुन्हा घेता येत नाहीत. त्यामुळे तो दुसरी बॉडी नेतो यात त्याचं काही चुकत नाही. मात्र तुमच्या घरात कमी पडतेय ती बॉडी, आणि विकायला निघालीय ती लेन्स.

आता पंचांग घ्या. तुळशीची लग्नं लागली की माणसांच्या लग्नांचे मुहूर्त सुरू होतात. त्याच सुमारास नांदूरमधमेश्वरला उत्तरेकडचे पाहुणे उतरलेले असतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक हे सगळे हिवाळ्याचे, फेब्रुवारी-मार्चमध्ये परतणारे. म्हणजे त्याच्या ऑर्डर आणि तुमचे पक्षी वर्षाच्या त्याच महिन्यांत, त्याच रविवारी, बऱ्याचदा सकाळच्या त्याच घटकेला येतात. पाण्यावरचे फोटो काढायचे तर ऊन तापायच्या आत काढावे लागतात. एकदा का पाण्यावरून गरम हवा उठायला लागली की लांबच्या पक्ष्याची कड थरथरते, आणि मग कितीही महागडी लेन्स असली तरी फोटो मऊच येतो. त्यामुळे ‘तू दुपारी जा’ हा तोडगा इथे उपयोगाचा नाही. इतक्या अडचणीत गेल्या हिवाळ्यात तुम्ही जेवढ्या वेळा गेलात, तेवढंही मला बरंच वाटतं.

मॅक्रोचं गणित बरोबर उलटं आहे. अंजनेरी, ब्रह्मगिरीवर फुलं असतात पावसाळ्यात आणि तो सरता सरता. अंजनेरीच्याच नावानं ओळखलं जाणारं कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, त्याच दिवसांत शोधावं लागतं. हे महिने चातुर्मासाचे, लग्नांना सुट्टीचे. तेव्हा १०५ तुमच्या बॅगेत. कार्तिकानंतर अंगठ्या, मेंदी, मंगळसूत्र, हळदीनं माखलेली बोटं यांसाठी तीच त्याच्या बॅगेत. दोघांना एकाच दिवशी लागत नाही अशी लेन्स सामाईक घरात सगळ्यात मोलाची, आणि तुम्ही नेमकी तीच विकायला काढताय. साधारण ३१ सेंटीमीटरवरून वस्तू आहे तेवढ्या आकारात टिपणारी आणि माणसांच्या चेहऱ्यांनाही शोभणारी लेन्स एकदा हातची गेली की पुन्हा घेताना जीवावर येतं.

नवऱ्याशी बोलण्याआधी एक काम करा. गेल्या दसऱ्यापासूनचे सगळे फोटो संगणकावर एकत्र आणा. प्रत्येक फोटोत कोणती बॉडी, कोणती लेन्स, किती मिलिमीटर, ही माहिती आपोआप लिहिलेली असते. लाइटरूममध्ये किंवा डिजिकॅमसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून चाळणी लावता येते. फक्त फोटो मोजू नका, दिवस मोजा. उडणाऱ्या बदकामागे बटण दाबून धरलं की क्षणात डझनावारी फ्रेम पडतात, आणि बारशाला गेलेला माणूस दिवसभरात तेवढ्याच काढतो. फ्रेम मोजल्या तर २००-५०० उगाच मोठी दिसेल आणि ८५ उगाच लहान. शिवाय हिशेब पूर्ण वर्षाचा हवा. जून ते सप्टेंबर एवढंच पाहिलं तर पक्ष्यांची लेन्स शून्य दाखवणार, आणि ते शून्य खोटं असेल.

या मोजणीत एक गोष्ट कॅमेरा कधीच नोंदवत नाही: ज्या दिवशी जायचं होतं आणि जाता आलं नाही तो दिवस. तो तुम्हालाच आठवून कॅलेंडरवर खूण करायचा आहे. नवऱ्यालाही करू द्या. त्याचेही असे दिवस निघतील, कदाचित एखाद्या रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडीवर, म्हणजे रंगाच्या हौदावर, जायचं होतं आणि बॅग तुमच्याकडे होती. दोघांच्या खुणा एका कॅलेंडरवर आल्या की कपाटात नेमकं काय कमी आहे ते तुम्हाला दिसेलच.

आता ‘कमावणाऱ्या लेन्स ठेवायच्या’ या म्हणण्याकडे येते. ऐकायला ते इतकं सरळ वाटतं की कुणी त्यावर बोलत नाही. पण लग्नाची तारीख कधी ठरते? काही महिने आधी. मुहूर्त ठरतो, हॉल किंवा लॉन्स ठरतं, तुमच्या नवऱ्याला इसार मिळतो. म्हणजे ७०-२०० कोणत्या दिवशी लागणार हे त्याला आधीपासून ठाऊक असतं. ठाऊक असलेल्या दिवसासाठी लेन्स भाड्यानं आणता येते, आणि ते भाडं ऑर्डरच्या रकमेत धरता येतं. पक्ष्यांचं तसं नसतं. शनिवारी रात्री कुणी कळवतं की चापडगावच्या मनोऱ्यासमोर फ्लेमिंगो उतरलेत, आणि रविवारी पहाटे पाचला तुम्ही गाडी काढता. त्या वेळी लेन्स भाड्यानं देणारा झोपलेला असतो, आणि छंदाच्या सकाळचं भाडं कुणाच्या बिलात धरता येत नाही. म्हणून मी उलट सांगते. ज्या लेन्सचा दिवस आधी ठरतो आणि जिचं भाडं दुसरा कुणी भरतो, ती घरात नसली तरी चालतं. जिची गरज आदल्या रात्री कळते, ती कपाटातच हवी.

याला एक मर्यादा आहे, ती मानलीच पाहिजे. २४-७० भाड्यावर सोडता येणार नाही. लग्नातला बहुतेक दिवस तिच्यावरच जातो. तिचा फोकस कुठे अडखळतो, कोणत्या प्रकाशात ती दगा देते, हे हाताला माहीत असावं लागतं. ८५ सुद्धा ठेवा. एफ २.८ च्या तुलनेत एफ १.८ दुपटीहून जास्त प्रकाश आत घेते, आणि संगीताच्या रात्री लाल-निळ्या दिव्यांखाली त्याची किंमत कळते. ७०-२०० मात्र मोठ्या लॉन्सवरच्या ऑर्डरलाच खरी लागते, जिथे स्टेज लांब आणि मध्ये खुर्च्यांच्या रांगा. गंगापूर रोडवर, संभाजीनगर रोडवर अशी लॉन्स आहेत, आणि त्याच्या किती ऑर्डर तिथल्या असतात हे तोच सांगू शकेल. एरवी १०५ लावून झेड ५ डीएक्सवर टाकला तर साधारण १५७ मिलिमीटरची चौकट मिळते. फोटो दहा मेगापिक्सेलच्या आसपास येतो. समोरासमोरच्या दोन पूर्ण पानांवर पसरायचा नसेल तर अल्बमला पुरतो.

वर्षभरात ७०-२०० लागण्याचे दिवस मोजल्यावर खूप निघाले, भाड्याची बेरीज डोळ्यांत भरण्याइतकी झाली, तर माझा सल्ला बाजूला ठेवा आणि ती राहू द्या. मग नवी २४-७० लांबवा. पण २००-५०० ला तेव्हाही हात लावू नका. भाड्यानं आणायची झाली तर आदल्या संध्याकाळीच आणा आणि घरी दोन्ही बॉडींवर लावून दहा-वीस फोटो काढून बघा. लग्नाच्या दिवशी सकाळी पहिल्यांदा हातात घेतलेली लेन्स मंडपात नेऊ नये.

कन्व्हर्टरचंही सांगते. ७०-२०० ला दुप्पट करणारा कन्व्हर्टर लावला की ती १४०-४०० होते आणि एफ २.८ ची एफ ५.६. म्हणजे प्रकाश २००-५०० एवढाच, पोहोच १०० मिलिमीटरनं कमी. वर फोकस मंदावतो आणि बारीक पिसं मऊ पडतात ते वेगळंच. नांदूरला पक्षी जवळ येत नाहीत. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं ते पाणी रुंद आहे, आणि मनोऱ्यावरून ५०० सुद्धा पुष्कळदा अपुरी वाटते. रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेली महाराष्ट्रातली पहिली जागा तुमच्या घरापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. तिथे कन्व्हर्टर लावून जाणं म्हणजे नुसतं जाऊन येणं.

ही लेन्स डी ७२०० वरच का शोभते तेही समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी ‘जुनी बॉडी पण काढून टाकू’ असा विषय निघाला तर बोलता येईल. डी ७२०० चा सेन्सर लहान. त्यावर ५०० मिलिमीटर फुल फ्रेमच्या ७५० सारखी दिसते, आणि तेवढ्या चौकटीत २४ मेगापिक्सेल बसतात. झेड ५ वर तीच चौकट कापून घेतली तर दहा-साडेदहा उरतात. म्हणजे त्याच अंतरावरून, त्याच लेन्सनं, त्याच शेकाट्यावर डी ७२०० सव्वादोनपट पिक्सेल टाकतो. नव्या कॅमेऱ्याचा अंधारातला जोर मोठा आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण सकाळच्या उन्हात, लांबच्या पक्ष्यासाठी, तुमच्या घरातला चांगला कॅमेरा जुनाच आहे. विकायला गेलात तर त्याचे फारसे पैसेही येणार नाहीत.

आणि आता झेडची २४-७०. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. तुमच्या सगळ्या एफ माउंटच्या लेन्स डी ७२०० वर थेट बसतात आणि झेड ५ वर अडॅप्टरनं. म्हणजे आज कपाटातली प्रत्येक लेन्स दोघांची आहे. झेडची लेन्स डी ७२०० वर बसत नाही, आणि ते जमवणारा अडॅप्टरही नाही, कारण झेड लेन्सला सेन्सर जितका जवळ लागतो तितका आरशाच्या कॅमेऱ्यात तो असूच शकत नाही. त्यामुळे झेडची लेन्स आली की ती एकट्या त्याची. त्यासाठी दोन सामाईक लेन्स गेल्या की सामाईक कपाट दोन्हीकडून आटलं. पुढे तुम्हाला पुन्हा पक्ष्यांची लेन्स घ्यायची झाली तर कुणीही झेडची १८०-६०० दाखवेल. चांगली लेन्स आहे, पण तिच्यासोबत झेडची बॉडीही घ्यावी लागेल. आज वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट खर्च तेव्हा तुमच्या पुढ्यात येईल, आणि तेव्हा ‘छंदासाठी एवढे?’ हा प्रश्न घरात कुणीतरी विचारणारच.

तुमच्या नवऱ्याची इच्छा मला अवाजवी वाटत नाही. जुनी २४-७० अडॅप्टरसकट उचलायची म्हणजे नव्या लेन्सपेक्षा दोन-सव्वादोनशे ग्रॅम जास्त, आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत ते मनगटावर पेलायचं. आठवडाभर सातपूरला ड्युटी आणि शनिवार-रविवारी हे. त्याला हलकी आणि चपळ लेन्स हवीशी वाटली तर त्यात त्याच्या पाठीचा आणि मनगटाचा प्रश्न आहे, हे तुम्ही मोठ्यानं बोलून दाखवा. ती लेन्स त्यानं जरूर घ्यावी, पण लग्नाच्या कमाईतून, दोनेक सीझनमध्ये बाजूला टाकून. कमावणाऱ्या लेन्स असतील तर त्यांनी आपली वारसदार स्वतः कमवावी. ते पाटल्यांमधून यायला नको.

पाटल्यांवरून सांगायचं म्हणजे, तुम्ही ज्या जिल्ह्यात राहता तिथल्या त्र्यंबकेश्वरला दादासाहेब फाळक्यांचा जन्म झाला. १९१३ च्या त्यांच्या पहिल्या चित्रपटामागे सरस्वतीबाईंचे दागिने होते. फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं त्यांनी केली. त्या सामानात सरस्वतीबाईंचा वाटा किती, हे त्या काळी कुणी लिहून ठेवत नव्हतं. तुमच्याकडे २००-५०० चं बिल आहे आणि त्यावर तारीख आहे. वाद जिंकायला ते काढू नका, पण स्वतःला आठवण द्यायला काढा. ती लेन्स विकायची की नाही, हे ठरवताना पहिला शब्द तुमचा.

परवानगी मागितल्यासारखं वाटतं, हे वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटी घाईघाईत लिहिलंत. मला ते सगळ्यात आधी दिसलं. सामाईक वस्तू असलेल्या घरात प्रत्येकाकडे एक बॉडी आणि एक लेन्स अशी हवी की जी उचलताना विचारायचं नाही, नुसतं ‘निघाले’ म्हणायचं. तुमची डी ७२०० आणि २००-५००. त्याची झेड ५ आणि २४-७०. बाकी सगळं दोघांचं. म्हणूनच मी सेकंड हँड बॉडी सुचवते. ७०-२०० च्या पैशात लग्नासाठी जुनी डी ७५० बघा. फुल फ्रेम आहे, एसडी कार्डाचे दोन कप्पे आहेत, तुमच्याच बॅटऱ्या तिला चालतात आणि एफ माउंटच्या लेन्स थेट बसतात, त्यामुळे एकुलता एफटीझेड झेड ५ वरच राहील. घेताना शटर किती वेळा पडलंय ते तपासा आणि दोन्ही कप्प्यांत कार्ड घालून बघा. मग कार्तिकातल्या एखाद्या रविवारी दोघंही एकाच वेळी घराबाहेर पडू शकाल, तो मंडपाकडे आणि तुम्ही निफाडच्या रस्त्याला.

बोलायला सुरुवात कशी करायची हे तुम्ही विचारलेलं नाही, पण गप्प बसते असं लिहिलंय, म्हणून सांगते. लेन्सपासून सुरुवात करू नका, नाहीतर पाच मिनिटांत शार्पनेसवर चर्चा चालू होईल. सरळ म्हणा, “डी ७२०० लग्नाला गेला की माझा रविवार जातो. काही विकण्याआधी मला तो रविवार परत हवाय.” एवढं बोलून थांबा. त्याला हे बहुधा कधी या शब्दांत ऐकूच आलेलं नसेल.

एखादवेळी तो सिंहस्थाचा मुद्दा काढेल. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पर्वण्या आहेत, तेव्हा ७०-२०० हवी आणि भाड्यानं मिळणार नाही, असं म्हणेल. मुद्दा रास्त आहे. पण पर्वणीला घाटावर किती जवळ जाऊ देतील कुणास ठाऊक, आणि लांबून काढायचं झालं तर २००-५०० आहेच. शिवाय ते दिवस चातुर्मासातले, लग्नं नाहीत, म्हणजे घरातलं सगळं सामान मोकळं. त्या वेळी दोघांनी मिळून घाटावर जायचं ठरवा, आणि ७०-२०० ची नोंदणी कितीतरी आधी करून ठेवा.

रोजच्या वापरातल्या काही गोष्टी, कारण भांडणं मोठ्या खरेदीपेक्षा यांच्यावरूनच जास्त होतात. लग्नाहून आलेली बॅग उघडली की कोपऱ्यात अक्षता असतात आणि १०५ च्या फोकस रिंगच्या रबरी खाचांत हळद. ती हळद जुन्या मऊ दात घासायच्या ब्रशनं, कोरडीच, त्याच रात्री निघते. आठवड्यानं निघत नाही. म्हणून ज्यानं नेली त्यानं साफ करून, बॅटरी चार्जिंगला लावून, कार्ड रिकामं करून ठेवायची. दमून आलेल्या माणसाला हे जड जातं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंतची मुदत द्या, पण मुदत असू द्या. दोन्ही कॅमेऱ्यांच्या डायलवर यू १ आणि यू २ आहेत. यू १ वर तुमची मांडणी साठवा, यू २ वर त्याची. मग पहाटे अंधारात मंडपाचा व्हाइट बॅलन्स घेऊन बदकांचे फोटो निघणार नाहीत. आणखी एक: ८५ झेड ५ वर चोख फोकस करते आणि डी ७२०० वर डोळ्याऐवजी कानावर, असं झालं तर लेन्स बिघडली असं समजू नका. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस वेगळ्या सेन्सरवर मोजला जातो, त्यामुळे थोडा फरक पडू शकतो. डी ७२०० च्या मेन्यूत प्रत्येक लेन्सची दुरुस्ती साठवून ठेवायची सोय आहे, तिथे एकदा बसवून घ्या.

७०-२०० विकायची ठरली तर ती तुळशीच्या लग्नाआधी बाजारात काढा, तेव्हा गिऱ्हाईक शोधत येतं. त्याआधी अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च मारून पुढून आत बघा. पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या लेन्सवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे येतात, आणि ते काचेवरच्या लेपापर्यंत पोचले की भाव कोसळतो. बुरशी दिसली तर घेणाऱ्याला आधी सांगा. उरलेल्या लेन्सना घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि वीस-पंचवीस रुपयांची बचत न बघता जेल वेळेवर बदला. तांदळात ठेवू नका, त्याचा पिठासारखा भुगा झूमच्या फटीत जातो.

३५ आणि १८-१४० विकून विशेष काही हाती येणार नाही. १८-१४० सहलीला असू द्या. ३५ तुम्हाला आवडत असेल तर ठेवा, नाहीतर फोटोग्राफी शिकणाऱ्या एखाद्या भाचीला देऊन टाका.

बाबांची ५० कुठल्याच हिशेबात धरू नका. तिला स्वतःची मोटर नाही, त्यामुळे एफटीझेडवर तिचा ऑटोफोकस चालत नाही आणि झेड ५ वर ती हातानं फोकस करावी लागते. डी ७२०० च्या बॉडीत मात्र ती फिरवणारी मोटर आहे, तिथे ती पूर्वीसारखीच चालते आणि ७५ सारखी दिसते, माणसांच्या चेहऱ्यांना उत्तम. लावण्याआधी तिच्यावरची ॲपर्चरची रिंग २२ वर फिरवून बाजूची छोटी खिट्टी सरकवा. ते राहिलं तर स्क्रीनवर ‘एफईई’ अशी अक्षरं येतात आणि शटर पडत नाही. पुष्कळांनी एवढ्यावरून अशा लेन्स बिघडल्या म्हणून भंगारात काढल्यात.